सांडव्यावर बसलेले मामा

अठ्ठ्याण्णव सालच्या प्रजासत्ताक दिनी, दुपारी, बक्षीस समारंभ चालू असताना, जाफराबादकडच्या डोंगरातल्या एका तळ्याच्या काठी माझ्या मामांवर अन्याय झाला. भरल्या मंडपात, ध्वनिक्षेपकावरून, त्यांना 'भित्रा माणूस' म्हटलं गेलं आणि अख्खा मंडप हसला. आता आधीच सांगून टाकते, माझे मामा भित्रे आहेत. जालना जिल्ह्यात त्यांच्याएवढा भित्रा माणूस झालेला नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यातून कुणी शोधून आणला तरी मामा त्याला बसल्या जागी हरवतील. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. ती समजायची तर आधी मामांची भीती समजून घ्यावी लागेल. कारण ती तुमच्याआमच्यासारखी, साप दिसला की वाटणारी भीती नव्हे. साप नसताना, साप असता तर कुठून आला असता, एवढा सगळा विचार करून ठेवलेली ती भीती आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे. दुकानाला छतापर्यंत फळ्या आहेत आणि कोपऱ्यात एक शिडी आहे, पण त्या शिडीवर मामा कधी चढल्याचं कुणी पाहिलेलं नाही. वरच्या फळ्यांवरचं कापड त्यांच्या वडिलांनी ठेवलेलं, ते तिथंच आहे. एखादी बाई बोट दाखवून म्हणाली, "ते वरचं निळं दाखवा," की मामा अत्यंत प्रामाणिक चेहऱ्यानं म्हणणार, "ताई, ते चांगलं असतं तर वडलांनी इतकं वर कशाला ठेवलं असतं?" एसटीत ते कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात आणि समोर बैलगाडी दिसली की उजवा पाय जोर लावून खाली दाबतात. जाफराबादला उतरेपर्यंत तो पाय ड्रायव्हरच्या पायापेक्षा जास्त दमलेला असतो. एकदा एका ड्रायव्हरनं हसून म्हटलं, "शेठ, आज तुमचा ब्रेक लागला म्हणून वाचलो." मामांनी ते मनावर घेतलं. "बघ," मला म्हणाले, "ड्रायव्हरसुद्धा कबूल करून राह्यलाय." पंख्याखाली ते स्वतः झोपत नाहीत हे ठीक, पण पाहुण्यालाही झोपू देत नाहीत. दुपारी जेवून आडवा झालेला पाहुणा जागा होतो तेव्हा सतरंजीसकट भिंतीला लागलेला असतो.

कारण मामांची भीती ही फक्त स्वतःपुरती नाही. ती सार्वजनिक आहे. ते गल्लीसाठी भितात, गिऱ्हाइकासाठी भितात, ज्याचं नावही माहीत नाही अशा सायकलवाल्यासाठी भितात. "अहो, पंपाच्या दुकानापाशी खडी सांडल्या, बराबर बाजूनं घ्या," असं ते रस्त्यावरच्या माणसाला थांबवून सांगतात आणि तो माणूस त्यांच्याकडे वेड्यासारखा बघतो. दिवाळीत पोरं फटाके काढायच्या आत मामा बादल्या घेऊन अख्खी गल्ली ओली करून ठेवायचे. मामी म्हणायच्या, "बाकीच्यांची दिवाळी थंडीत येती, आमची पावसाळ्यात." तरी त्या बादल्या त्याच भरून द्यायच्या. आम्ही सगळे हसायचो. पण त्या गल्लीत कधी कुणाला भाजलं नाही, ही गोष्ट मी पत्रक लिहायला शिकले तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आली.

पत्रकांचं सांगते. आमचा एक तरुणांचा गट होता. आम्ही पत्रकं काढायचो. कधी पाण्यासाठी, कधी रस्त्यासाठी, कधी नुसताच जाहीर निषेध. त्या वर्षी असं ठरलं की माझ्या आजोळच्या गावाजवळ डोंगरात जे तळं आहे, त्याच्याभोवती धावण्याची शर्यत घ्यायची. हेतू चांगला होता. आपल्या भागात डोंगर आहे, डोंगरात पाणी आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नव्हतं. गावच्या एका बड्या कंत्राटदाराला अध्यक्ष केलं, कारण मंडप, खुर्च्या आणि जीप त्याच्याकडे होत्या. पहिली बैठक मामांच्या दुकानात, गादीवर झाली. मामा समितीत नव्हते. ते आपल्याच दुकानात कापडाच्या घड्या घालत बसले होते. पण बैठक सुरू झाली आणि त्यांना राहवेना. "वाटंत मोहोळ असंल तर? कुणाला फेपरं आलं तर? दोघं एकदमच अरुंद जागी आले तर?" असे एकामागून एक प्रश्न. शेवटी अध्यक्ष वैतागले. "शेठ, एवढं कळतंय ना तुम्हाला? मंग रस्ता तुम्हीच ठरवा." मामांना गप्प करायला दिलेलं ते काम होतं. मामांनी ते काम म्हणून घेतलं.

मग काही रविवार मी आणि मामा त्या डोंगरात होतो. मार्ग तसा सरळ होता, तळ्याभोवती जायचं तर तोच एक. तळ्याला एका बाजूनं मातीची उंच पाळ आहे. पाळीच्या गावाकडच्या टोकाला मंडप. तिथून निघायचं, बाभळीतून वर चढायचं, खिंडीत जायचं, मग माथ्यावरून तळ्याला वळसा घालत पलीकडं जायचं आणि तिथून एकदम खाली, पाळीच्या दुसऱ्या टोकाला. त्या टोकाला सांडवा आहे. तळं भरलं की जास्तीचं पाणी तिथून बाहेर पडतं. दगडी कठडा वगैरे काही नाही. एक उघडी कड, आणि कडेच्या खाली दोन पुरुष खोल खडकाचा खड्डा. उतारावरून आलेल्या माणसानं त्या कडेपाशी झटकन डावीकडं वळून पाळीवर यायचं आणि पाळीवरून परत मंडपात. पायाखाली सुटा मुरूम. वळला तर पाळ, नाही वळला तर खड्डा.

चढ-उतार मोजायला मामांनी एका गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली होती, भिंत सपाट आहे का बघायची असते ती. एक टोक मी धरायचं, एक मामांनी, आणि दोन्हीकडचं पाणी बघून कोण किती वर आहे ते काढायचं. मामा वरच्या बाजूला जायला तयार नसत आणि खालच्या बाजूला उभं राहिलं तर मीच वरून त्यांच्यावर पडेन अशी त्यांना धास्ती. शिवाय पाणी सांडेल ही भीती वेगळीच. खिंडीत वारा सुटला की म्हणत, "अगं माय, कशाला आलो मी इथं? दुकानात बरा बसल्तो." पण एकही टप्पा त्यांनी सोडला नाही. फक्त पाळीवरून ते चालले नाहीत. पाळ वर अरुंद आहे, एका बाजूला पाणी, एका बाजूला उतार, आणि मामा तिच्यावर एक पाऊल ठेवून लगेच मागं घ्यायचे. मंडपाच्या टोकापासून सांडव्यापर्यंत पाळीवरून थोडकं अंतर, पण मामा खाली शेतात उतरून, ज्वारीच्या कडेनं, भला मोठा फेरा मारून पलीकडं जायचे. मी पाळीवरून कधीच पोचलेली असायची. "तू जा," म्हणायचे, "तुझं वय आहे पडायचं."

आणि मग ते चित्र. कागदावर काढलं तर फाटेल, भिजेल, उडेल, म्हणून मामांनी मांजरपाटाची लांबच लांब पट्टी घेतली. आधी ती धुऊन घेतली, कारण कोरा मांजरपाट आटतो आणि मग डोंगरही आटला असता. तिच्यावर निळीनं एक रेघ ओढली. रेघ तळ्याच्या पाण्यापासून निघते, बाभळीत वर चढते, खिंडीत जरा बसते, माथ्यावर जाते आणि शेवटी कोसळते. जिथं माणूस बिनघोर पळू शकतो तिथं कापड पांढरं. जिथं मामांना खाली बसून सरकत उतरावं लागलं तिथं लाल. शेवटचा तुकडा, सांडव्याचा, या काठापासून त्या काठापर्यंत लालभडक रंगवलेला, आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात : 'इथे कोणीही पळू नये. चालावे. मग पुन्हा पळावे.'

ती पट्टी दुकानात टांगली तेव्हा गिऱ्हाइकं विचारायची, हे काठ कुठल्या साडीचे? मामी म्हणाल्या, "ह्यांच्या जिवाचे." अध्यक्ष बघायला आले आणि पोट धरून हसले. "शेठ, पळायच्या शर्यतीत चालायचं? म्हणजे लग्नात नवरदेवानं घरी थांबायचं!" मामा हसले नाहीत. "थांबला तर चालंल, अध्यक्ष. पडला तर न्हाई चालणार." मी पत्रक छापायची धमकी दिली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, बरं, पट्टी मंडपाच्या तोंडाशी लावू, सगळ्यांना दिसंल, आणि नियम वाचून दाखवू. मला वाटलं, जिंकलो. नंतर कळलं, त्यांना सजावटीला कापड फुकटात मिळालं होतं.

शर्यतीच्या सकाळी झेंडावंदन झालं. जालन्याहून, बदनापूरहून, भोकरदनकडून पोरं आली होती. मुली थोड्या होत्या, त्यात मी एक. पाहुणे आले, हार झाले आणि उद्‌घाटनाची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की फीत जालन्यातच राहिली आहे. कात्री होती. ताट होतं. ताटात कुंकू होतं. फीत नव्हती. आणि फीत कापल्याशिवाय आपल्याकडे काहीही सुरू होत नाही, मग ती हातपंपाची दुरुस्ती का असेना. अध्यक्षांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. त्यांची नजर मंडपाच्या तोंडाशी गेली. तिथं छानपैकी लाल कापड लोंबत होतं.

मी ओळीत उभी होते. कुणीतरी चाकूनं शेवटचा लाल तुकडा कापताना मला दिसलं. मी ओरडले, पण बँड वाजत होता. दोघांनी तो तुकडा दोन टोकांना धरला, पाहुण्यांनी कात्री चालवली, टाळ्या झाल्या. मामांनी लिहिलेल्या अक्षरांचे दोन भाग होऊन मुरमात पडले. उरलेली पट्टी पुन्हा नीट ताणून बांधली गेली. आता तिच्यावर रेघ चढत होती, माथ्यावर जात होती आणि तिथंच संपत होती. बाहेरगावची पोरं तिच्यापुढं उभी राहून बोटं फिरवत होती. "चढ हाय तेवढा काढला की झालं," बदनापूरचा एक उंच पोरगा सोबत्याला म्हणाला. "मंग निवांत."

मामा अध्यक्षांपाशी पोचले होते. त्यांचा आवाज फाटला होता. "अध्यक्ष, ती फीत न्हाई, तो रस्ता आहे! तो कापला म्हणजे पोरांना काय दिसंल? नियम वाचा. माइकवर वाचा, हात जोडतो."

"शेठ, कापडाचा खर्चा लावा, देऊन टाकू," अध्यक्ष म्हणाले. आजूबाजूचे हसले. आणि शिट्टी वाजली.

मी आजवर मोर्चात पळाले आहे, पोलिसाच्या काठीपुढं पळाले आहे. पण त्या दिवशीसारखी भीती मला कधी वाटली नाही. बाभळीतून वर चढताना माझ्या पुढं सगळी बाहेरची पोरं होती. मी हाका मारत होते, "शेवटी हळू! सांडव्यापाशी वळायचंय!" मागं पडलेली मुलगी ओरडतेय म्हटल्यावर कोण ऐकणार? एकानं वळून म्हटलं, "ताई, दम राखा." खिंडीत वारा कानात भरला, माझाच आवाज मला ऐकू येईना. माथ्यावरून तळं दिसतं. त्या दिवशी ते निळंशार, गप्प पडलं होतं आणि त्याच्या कडेला ती पांढुरकी उतरण सरळ खाली गेली होती. बदनापूरचा पोरगा सगळ्यांच्या पुढं होता. हात सोडून, मजेत, उताराला लागला होता. त्याला माहीत होतं की चढ संपला, आता निवांत. आणि मला माहीत होतं की तो ज्या वेगानं निघालाय त्या वेगानं त्याला वळता येणार नाही. मी धावत होते की कोसळत होते कोण जाणे. मनात एकच, आता आवाज येईल. आता येईल.

आवाज आला, पण तो नव्हे. "बसा! अरे बाबांनो, खाली बसा! जल्दी बसा!"

सांडव्याच्या कडेवर, अगदी कडेवर, खड्ड्याकडं पाठ करून, मामा बसले होते. फतकल मारून. दोन्ही हात फाकवलेले, टोपी कुठं गेलेली, चेहरा चुन्यासारखा. उभं राहायला पाय तयार नसणार म्हणून बसलेले. एवढा मोठा माणूस वाटेत बसलेला दिसल्यावर त्या पोरानं अंग मागं टाकलं, दोन्ही टाचा रोवल्या, घसरला, घसरत आला आणि मामांच्या मांडीवर येऊन आदळला. मामांनी त्याला मिठीच मारली. त्याच्या पायाखालचा मुरूम तसाच पुढं गेला, कडेवरून खाली. खडे खालच्या खडकावर पडल्याचा आवाज यायला मध्ये जरा वेळ गेला. त्या मधल्या वेळात तो पोरगा मामांच्या खांद्यावरून खाली बघत होता.

"आयला," एवढंच तो म्हणाला.

मागून येणारे एकेक बसले. बसून सरकले, उठून चालले, आणि पाळीवर गेल्यावर पुन्हा पळाले. मामा प्रत्येकाला हात देत होते आणि प्रत्येकाला विचारत होते, "लागलं न्हाई ना? लागलं न्हाई ना?" मी पोचले तेव्हा त्यांच्याकडं नीट बघितलं. पायजमा दोन्ही गुडघ्यांवर फाटला होता आणि तळहातांना माती होती. शेतातून फेरा मारून यायला वेळ नव्हता. ते पाळीवरून आले होते. एकटे. रांगत.

आता बक्षीस समारंभाचं ऐका. शर्यत मध्येच अडवली गेली, नंबर मागंपुढं झाले, तक्रारी आल्या. अध्यक्ष उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले की यंदाचा पहिला नंबर जाहीर करता येत नाही, कारण आपल्या तालुक्याची एवढी मोठी शर्यत एका भित्र्या माणसानं वाटेत बसून बुडवली. मंडप हसला. मामा खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसले होते, फाटक्या गुडघ्यांवर हात ठेवून, म्हणजे भोकं दिसू नयेत. मी उठले आणि बोलायला लागले. माइक बंद करण्यात आला. मी बिनमाइकची बोलले. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकलं. तो उंच पोरगा उठून मामांपाशी गेला, वाकला आणि त्यांच्या पाया पडला. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

मी नंतर पत्रक काढलं. मामा म्हणाले, "नको बाई, नाव नको टाकू माझं." मी टाकलं नाही, आजही टाकत नाही. पण त्या दिवसानंतर मामा बदलले. म्हणजे भीती गेली नाही, ती त्यांच्या डोळ्यांत दिसते. ती बोलायची थांबली. रस्त्यावर काही सांडलेलं असलं तरी आता ते सायकलवाल्याला हाक मारत नाहीत. नुसते दुकानाच्या पायरीवर येतात, तो सुखरूप जाईपर्यंत बघतात आणि आत जातात. मी एखाद्या मोर्चाला निघाले आणि मुद्दाम विचारलं, "मामा, काही सांगायचं न्हाई का?" की घडी घालता घालता म्हणतात, "मला काय कळतंय? तुमचं तुम्ही बघा." पूर्वी मला त्यांच्या सूचनांचा कंटाळा यायचा. आता जिना उतरताना, एसटीत चढताना, कुणीतरी मागून ओरडावं असं वाटतं आणि मागं कुणी ओरडत नाही. इतकं मोठं शहर, आणि त्यात आपल्यासाठी भिणारं माणूसच नाही असं एकदम वाटून जातं.

शर्यत अजून होते. दरवर्षी होते, तोच डोंगर, तोच मार्ग, तेच वळण. कठडा नाही. चालायचा नियम नाही. अध्यक्ष म्हणतात, अजूनपर्यंत तर काही झालं नाही. पहिल्या वर्षी का झालं नाही ते मी वर लिहिलं आहे; त्यानंतरचं नुसतं नशीब.

तेव्हा तुम्ही, हे वाचणारे, जे नाव नोंदवणार आहात, पोराला पाठवणार आहात किंवा नुसते मंडपात बसून हसणार आहात, ऐका. आधी जुन्या जालन्यात या. कापडाच्या गल्लीत कुणालाही 'मामांचं दुकान' विचारा. गादीवर बसा, चहा घ्या आणि त्यांना विचारा, "मामा, त्या रस्त्यात कुठं भ्यायचं?" ते म्हणतील, मला काय कळतंय. उठू नका. पुन्हा विचारा. ते सांगेपर्यंत विचारत राहा.